चाळीस म्हणजे किती?

या सदरात मी एरवी शब्दांविषयी लिहितो, आणि नेहमीचे वाचक ते घरच्या माणसाचे घोरणे सोसावे तसे सोसतात. दिवाळी अंकाची गोष्ट निराळी. संपादकांनी बजावून सांगितले, की फराळाच्या ताटात व्याकरण वाढू नका. म्हणून या खेपेला मोटारीतल्या वेगाच्या काट्याविषयी लिहिणार आहे. मराठीच्या प्राध्यापकाचा त्याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध एवढाच, की ती गाडी आमच्या अण्णांची आहे आणि गेल्या मे महिन्यात तिच्यात मी, आई आणि माझा भाचा असे तिघे बसलो होतो.

अण्णा डॉक्टर होते. शास्त्री आणि सोनवी या नद्या जिथे मिळतात, त्या आमच्या संगमेश्वरच्या बाजारात त्यांचा दवाखाना होता. १९९१ साली त्यांनी डिझेलवर चालणारी महिंद्राची जीप घेतली, कारण रात्रीअपरात्री बोलावणे यायचे ते नेमके अशा वाडीवरून, जिथला रस्ता म्हणजे पावसाळ्यात ओढा आणि उन्हाळ्यात ओढ्याची आठवण. त्यांची एक डायरी होती. तीत प्रत्येक फेरीची एक ओळ असे : वाडीचे नाव, दुखणे, निघतानाचा किलोमीटरचा आकडा, परतल्यावरचा आकडा आणि शेवटी फी. फीचा रकाना पुष्कळदा कोरा असे. किलोमीटरचा कधीही कोरा नसे. पाच आकड्यांचे ते मीटर ९९,९९९ वरून एकदा पुन्हा शून्यावर आले, तेव्हा अण्णांनी घरात पेढे वाटले होते आणि डायरीत तांबड्या शाईने ‘दुसरी फेरी’ असे लिहिले होते.

तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले. त्याच्या आदल्या पावसाळ्यात मीटरची तार तुटली आणि आकडा ८१,४०७ वर थांबला. दुरुस्त करू, करू म्हणता म्हणता राहून गेले. मग जीप पडवीत प्लॅस्टिकचा कागद पांघरून उभी राहिली.

माझा भाचा पुण्याला इंजिनियर आहे. मे महिन्यात चाकरमानी आंबे खायला येतात, तसा तो आला आणि आंब्यांपेक्षा जीपमध्येच अधिक रमला. आठ दिवसांत त्याने तिचे रूप पालटले. जुने बारीक टायर काढून चांगले गुबगुबीत टायर बसवले. अण्णांचे मीटर उपटले आणि कुरिअरने मागवलेले एक चकचकीत निळे मीटर त्या जागी लावले. त्याला काटा नव्हता. नुसते आकडे उजळत. आईने ते पाहिले आणि एवढेच विचारले, “अण्णांचा आकडा कुठे गेला रे?”

“आजी, हे मीटर शून्यापासून सुरू होतं,” भाचा म्हणाला. आई काही बोलली नाही. जुने मीटर त्याने बिस्किटांच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवले होते. ते तिने खाली काढले, पदराने पुसले आणि देवघराशेजारच्या फडताळात ठेवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तुरळच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन परत येत होतो. महामार्ग रुंद झालेला, ऊन उतरलेले. भाचा मला म्हणाला, “मामा, बघा, चाळीस. आजी मागे बसलीय म्हणून बैलगाडीच चालवतोय.” मी मीटरकडे पाहिले. चाळीस. बाहेर पाहिले, तर झाडे काही बैलगाडीतून दिसतात तशी दिसत नव्हती. पण आपला डोळा आणि यंत्राचा आकडा यांत भांडण झाले, की शिकलेला माणूस यंत्राचीच बाजू घेतो. मीही घेतली.

रस्त्याच्या कडेला दहा-बारा वर्षांची एक मुलगी करवंदे विकत उभी होती. गाडी येतेय असे पाहून तिने पानाचा द्रोण पुढे केला आणि द्रोणाबरोबर स्वतःही दोन पावले पुढे आली. चाळीसच्या वेगाने येणारी जीप जिथे थांबायला हवी, तिथे ती थांबली नाही. भाच्याने ब्रेक दाबला, टायर किंचाळले, आई माझ्या सीटवर आदळली आणि जीप त्या मुलीला ओलांडून बरीच पुढे जाऊन तिरपी उभी राहिली. मुलगी मागे उडी मारून वाचली होती. करवंदे मात्र डांबरावर पसरली होती.

मी धावत गेलो. तिला खरचटलेसुद्धा नव्हते. माझे पाय लटपटत होते, तिचे नव्हते. ती करवंदांकडे बघत म्हणाली, “एवढ्या जोरात कशाला येतांव?”

“चाळीसच होतं गं,” भाचा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तो खोटे बोलत नव्हता.

सांडलेल्या आणि टोपलीतल्या अशा सगळ्या करवंदांचे पैसे देऊन आम्ही निघालो. गाडीत कुणीच बोलेना. मला मात्र अण्णांची एक युक्ती आठवली. नव्या ड्रायव्हरची परीक्षा घेताना ते हातातले घड्याळ आणि रस्त्यावरचे दगड वापरीत. ताशी ६० ने गाडी चालली असेल, तर एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर ६० सेकंद लागतात. चाळीसने चालली तर ९०. याला ना यंत्र लागते ना विज्ञानाची पदवी. मी भाच्याला म्हटले, “रस्ता मोकळा आहे. पुन्हा तेवढेच चाळीस ठेव.” आणि घड्याळ धरून बसलो. पहिला किलोमीटर ५१ सेकंदांत गेला. मी गणितात कच्चा आहे, म्हणून दुसराही मोजला. ५० सेकंद. म्हणजे ते चाळीस प्रत्यक्षात सत्तरच्या वर होते.

बाजारातल्या मिस्त्रींनी खुलासा करायला पाच मिनिटेही घेतली नाहीत. मीटरच्या मागचे बटण दाबून धरले, दोन-चार आकडे पाहिले आणि हसले. “सर, ह्यात मैल लागलेत. भाच्यानं तुमच्या सगळं बसवलान, पण हा एक खटका नाय फिरवलान.”

चाळीस मैल म्हणजे ६४ किलोमीटर. मग वरचे सात कुठून आले? मिस्त्रींनी टायरवर पाय ठेवला. “ह्याला चाकाचा घेर सांगावा लागतो. त्यानं पुस्तकातला जुना घातलान. मीटरला काय ठावं तुम्ही चाकं बदललीत ती?”

ही गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण गाडी सजवण्याची हौस हल्ली घरोघरी आहे आणि ही गोम फार थोड्यांना ठाऊक असते. गाडीला आपला वेग कळत नाही. तिला कळतात ते चाकांचे फेरे. स्ट्रासबुर्गच्या ओट्टो शुल्झे नावाच्या गृहस्थाने १९०२ साली जे वेगमापक शोधून काढले, त्यात गिअरपेटीपासून आलेली एक तार छोट्याशा लोहचुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक तिला शिवत नाही, पण फिरता फिरता तिच्यात विजेचे भोवरे उठवतो आणि तिला आपल्यामागून ओढू पाहतो. एक नाजूक स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. या ओढाताणीत वाटी जितकी वळेल, तितका काटा सरकतो. (ही व्यवस्था पुष्कळ संसारांत दिसते, पण ते असो.) विजेवर चालणारी नवी मीटरे ओढाताणीऐवजी ठोके मोजतात. हिशेब मात्र तोच : एवढे फेरे म्हणजे एवढे अंतर. आता २८ इंच व्यासाचे चाक काढून ३१ इंचांचे बसवले, तर प्रत्येक फेऱ्यात गाडी एक दशांशाहून थोडी अधिक पुढे जाते आणि मीटरला त्याचा पत्ताच नसतो. ते ६० सांगते तेव्हा गाडी ६६ ने जात असते. मीटरला कुणी हातही लावलेला नसतो, तरी ते खोटे बोलू लागते. आमच्या जीपमध्ये तर दोन खोटी एकावर एक चढली होती.

भाच्याला फार लागले होते. त्या रात्री तो जेवला नाही. त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता, आणि मोटारीसाठी कायदा नावाची काही वस्तू असते हे मला तरी कुठे आठवले होते? देवरुखला माझे एक वकील मित्र आहेत. त्यांच्याकडून पुस्तके आणली आणि सुट्टीचे चार दिवस मामा-भाच्यांनी ती वाचून काढली. कायद्याचे गद्य वाचायला मला मनापासून आवडते. त्यात विशेषणे नसतात.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगमापकासाठी ११७ क्रमांकाचा स्वतंत्र नियम आहे. चालकाला वेग दिसेल अशा रीतीने गाडीला वेगमापक असले पाहिजे, हा त्याचा गाभा. मीटर किती अचूक असावे, याला ११८२७ क्रमांकाचे भारतीय मानक आहे. म्हणजे मीटर ही हौसेची वस्तू नव्हे. दिवा आणि ब्रेक यांच्या पंगतीतली ती वस्तू आहे. बंद पडलेले मीटर घेऊन हिंडणे हासुद्धा नियमभंगच, हे वाचताना मी भाच्याच्या नजरेला नजर दिली नाही, कारण तुटलेली तार दुरुस्त न करणारा मीच होतो.

मीटरने किती खरे बोलावे, याचा सगळ्यांत मासलेवाईक खुलासा संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली झालेल्या ३९ व्या नियमावलीत सापडतो. युरोपातल्या मोटारींना ती लागू आहे. ती म्हणते, की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. जास्त दाखवला तर चालेल, पण तोही खऱ्या वेगाच्या दहाव्या हिश्शात ४ किलोमीटर मिळवून येईल तेवढाच. गाडी ६० ने जात असेल तर मीटरने ७० पर्यंत सांगावे. ५९ सांगितले, तर मात्र ते मीटर बाद. वाचताच मला आमच्या माजघरातले घड्याळ आठवले. अण्णा ते नेहमी दहा मिनिटे पुढे ठेवीत. सगळ्या घराला ते पुढे आहे हे ठाऊक होते, तरी त्याच्यामुळे आमची एस.टी. कधी चुकली नाही. मागे पडणारे घड्याळ त्यांनी एक दिवसही भिंतीवर राहू दिले नसते. भाच्याच्या मीटरचा दोष चुकण्यात नव्हता. चुकायला थोडीफार मुभा असते. ते चुकले होते ते नेमके ज्या दिशेला मुभा नाही त्या दिशेला.

दुसरा भाग गाडीत बदल करण्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की निर्मात्याने मुळात दिलेला तपशील आणि नोंदणीपत्रातला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी, केरळातून गेलेल्या एका खटल्यात, या कलमाचा अर्थ पक्का करून टाकला. रंग बदलण्यासारख्या किरकोळ गोष्टींना त्यातून वाट आहे. गाडीची मूळ घडण बदलायला नाही. त्याच वर्षी कायद्यातले १८२-अ हे कलम नव्या रूपात आले. परवानगी नसलेले सुटे भाग बसवून गाडी बदलणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द भाच्याने दोनदा वाचले आणि मनात बेरीज केली. टायरच्या मापाचा आणि ताकदीचा नियम निराळा आहे. त्याचा क्रमांक ९५.

“मग मीटर बदलायचंच नाही का?” त्याने विचारले.

बदलता येते. नोंदणीपत्रात मीटरचा उल्लेखच नसतो आणि बिघडलेला भाग काढून चांगला बसवायला कायद्याची ना नाही. कायद्याला हवे ते इतकेच, की नवे मीटर मानकाला धरून असावे, चालकाला सहज दिसावे आणि खरे बोलावे. ज्याच्या पेटीवर कुठल्याही मानकाचे नाव नाही, जे मैल दाखवत येते आणि चाकाचा घेर विचारून घेते, त्याच्या खरेपणाची हमी कोण देणार? मालकाने स्वतः मोजून पाहिले तरच काय ती हमी. किती मालक घड्याळ घेऊन दगड मोजत बसतात?

इथे माझी एक तक्रार आहे आणि ती सरकारदरबारी कुणी वाचली तर बरे. रिक्षाचे मीटर ठरावीक मुदतीने तपासले जाते आणि त्याला वैधमापनशास्त्र खात्याचे सील लागते, कारण तिथे प्रवाशाच्या पैशांचा प्रश्न असतो. वाण्याच्या तराजूचेही तेच. पोलीस ज्या रडारयंत्राने आपला वेग टिपतात, त्याचीसुद्धा पडताळणी होऊन त्याच्यावर शिक्का हवा असा नियम १ जुलै २०२५ पासून लागू करण्यात आला, आणि तो योग्यच आहे. पण आपल्या खाजगी गाडीतल्या ज्या मीटरच्या भरवशावर आपण ब्रेक कधी दाबायचा ते ठरवतो, त्याला सील नाही. गाडी कारखान्यातून निघताना काय ती खात्री. त्यानंतर ते मीटर खरे बोलते की नाही हे बघायची पाळी खाजगी गाडीच्या बाबतीत थेट पंधरा वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणाला येते. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या मोटारी वेग ८० च्या वर गेला की मधूनमधून आणि १२० च्या वर गेला की सारख्या ओरडतात. ही सोय चांगली आहे. पण तो ओरडाही गाडी चाकांचे फेरे मोजूनच ठरवते, तेव्हा चाक बदलले की तोही उशिरानेच होणार.

आमच्या जीपच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली होती. भाच्याने गुबगुबीत टायर उतरवून मूळ मापाचे चढवले. मी म्हटले, आता नवी तार घालून अण्णांचेच मीटर परत लावू. आईचा चेहरा उजळला. मिस्त्रींनी तार घातली, आम्ही पुन्हा महामार्गावर जाऊन दगड मोजले. काटा साठावर थरथरत होता आणि किलोमीटर ५२ सेकंदांत संपत होता. मिस्त्रींनी आपल्या फोनवर उपग्रहाचा वेग लावून ताडून पाहिले. फोन म्हणत होता ६९.

“चुंबक दमला सर,” ते म्हणाले. “कमी दाखवतो. हा चालायचा नाय.”

मी त्यांना पुन्हा विचारले. दुरुस्त नाही का होणार? ते म्हणाले, आकडा फिरत राहील, पण काट्याचा भरवसा मी देणार नाही. ज्या मीटरने अण्णांना काळोखातून, पावसातून, प्रसूतीच्या खोळंबलेल्या बायांपर्यंत नेऊन परत आणले, ते कोण जाणे किती वर्षे त्यांना दहा किलोमीटर कमीच सांगत आले असेल. या विचाराने मला एकदम कसेसेच झाले. अण्णा स्वतःला फार सावकाश गाडी हाकणारे समजत.

मग कोल्हापूरहून या जीपसाठीच बनणारे, साध्या काट्याचे, कंपनीचे मीटर आणले. ते बसवून घड्याळाने, दगडांनी आणि फोनने तपासले. खऱ्या वेगापेक्षा ते तीन-चार जास्त दाखवते. माजघरातल्या घड्याळाच्या कुळातले निघाले.

बसवण्यापूर्वी मिस्त्रींनी विचारले, “सर, मागचा आकडा लावून देऊ? ८१,४०७? होतो तसा.”

मी आणि भाचा एकमेकांकडे पाहू लागलो. आकडे मागे फिरवून गाडी विकणे ही सरळसरळ फसवणूक. पण इथे तर होता तोच आकडा लावायचा होता. अमेरिकेत या बाबतीत १९७२ सालापासून कायदा आहे. मीटर बदलले तर नव्यावर जुनाच आकडा लावायचा. ते जमत नसेल तर शून्यापासून सुरुवात करायची आणि चालकाच्या बाजूच्या, तिकडच्या रीतीने डाव्या, दाराच्या चौकटीवर जुना आकडा आणि बदलल्याची तारीख लिहून चिकटवायची. भाच्याने हे कुठूनसे शोधून आणले होते. आम्ही निर्णय आईवर सोपवला.

“ह्या मीटरने ती माणसं पाहिलीत का?” आई म्हणाली. “नको. त्याचं त्याला सुरू करू दे.”

तेव्हा शून्य लावले. राहता राहिली चिठ्ठी. पण आमच्या जीपचे दार कॅनव्हासचे, त्याला कुठली आली चौकट? शेवटी समोरच्या खणाच्या झाकणावर आतल्या बाजूने चिकटवायचे ठरले. आईने सांगितले आणि भाच्याने सुवाच्य अक्षरात लिहिले : मागील मीटरचा आकडा ८१,४०७, दुसरी फेरी. खाली तारीख घातली.

“आजी, ‘दुसरी फेरी’ कुणाला कळणार?” त्याने विचारले.

“विकत घेणाऱ्याला कळायला नको का, गाडी किती चाललीय ते?”

“पण आपल्याला गाडी विकायचीच नाहीये.”

“तरी लिही,” आई म्हणाली, आणि तांबडी शाई शोधायला आत गेली.